वाटा

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या ठाण्याच्या घरात पाच-सहा मुले जमतात. सर्वांत धाकटा चार वर्षांचा आहे आणि सर्वांत मोठी आठ वर्षांची. शाळेचा गणवेश अजून अंगावर असतो, चपला दारात एकीवर एक पडलेल्या असतात आणि आत येताना प्रत्येक जण चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचने आत ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटे लावून ती ओठांना टेकवतो. ज्याचा हात पोहोचत नाही त्याला मोठी मुलगी उचलून धरते. मी त्यांच्याकडून हिब्रू अक्षरे गिरवून घेते, सणांच्या गोष्टी सांगते, एखादी प्रार्थना पाठ करून घेते. पण वर्ग खऱ्या अर्थाने संपतो तो डब्यापाशी. दुधाच्या पावडरीचा तो जुना पत्र्याचा डबा माझ्या आजीचा. झाकणाला तिनेच छिन्नीने खाच पाडून घेतली होती आणि इतक्या वर्षांत बोटे लागून लागून त्या खाचेच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा आमचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाला की पैशाला हात लावायचा नाही, म्हणून दिवा लावण्याआधी प्रत्येकाने एक नाणे त्यात टाकायचे. नाणे आधी तळाशी आपटते, मग घरंगळत जाऊन दुसऱ्या नाण्यांना लागते, आणि हे दोन्ही आवाज ऐकू येईपर्यंत मुले डब्यावर वाकून गप्प उभी असतात.

आजी याला सेदाका म्हणायची. इस्रायलहून सुट्टीला येणारी भाचरे 'त्झेदाका' म्हणतात. रेवदंड्याला आजीच्या शेजारी राहणारे मुसलमान कुटुंब 'सदका' म्हणायचे, आणि हे शब्द एकाच मुळातून फुटले आहेत हे मला फार उशिरा कळले. आम्ही बेने इस्रायल ज्यू. कोकणात पिढ्यान् पिढ्या तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले लोक. प्रार्थना हिब्रूत आणि बाकी सगळे आयुष्य मराठीत, अशी आमची रीत असल्यामुळे या मुलांना काहीही शिकवायचे म्हणजे आधी त्याचे मराठी करावे लागते. बहुतेक शब्दांचे ते आपसूक होते. या एका शब्दाने मात्र मला बरीच वर्षे अडवून ठेवले.

झाले असे, की वर्गातल्या पाच वर्षांच्या एका मुलीने एकदा विचारले, "मावशी, सेदाका म्हणजे काय?" मी दुसऱ्या कामात होते आणि पटकन म्हणाले, "दान." पुढच्या शुक्रवारी ती लवकर आली. आमच्या इमारतीच्या वॉचमनची तेवढ्याच वयाची मुलगी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून काहीतरी खेळत होती. आमच्या मुलीने हातातला बिस्किटाचा पुडा उघडला, दोन बिस्किटे काढली आणि तिच्यापुढे धरून स्पष्ट आवाजात म्हणाली, "घे, हे तुला दान." मी वरून गॅलरीतून पाहत होते. वॉचमनच्या मुलीने हात पुढे केला होता, तो तिने परत घेतला. मग ती उठली, फ्रॉक झटकला आणि आत निघून गेली. आमची मुलगी बिस्किटे हातात धरून तशीच उभी राहिली, आणि वर आल्यावर तिने मला विचारले की तिने घेतली का नाहीत. त्या दोघी त्याआधी दर आठवड्याला एकत्र खेळत असत. एका शब्दाने त्यांच्यातली एक देणारी झाली आणि दुसरी घेणारी, आणि तो शब्द तिला मी दिला होता.

त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागले. सेदाका हा शब्द 'सेदेक'वरून येतो आणि सेदेक म्हणजे न्याय. 'न्याय, न्यायाचाच पाठपुरावा कर' असे तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, दोनदा शब्द उच्चारून सांगितले आहे, तिथे हाच शब्द आहे. म्हणजे गरजवंताला देणे ही मनाच्या मोठेपणाची लहर नाही. जे मुळात त्याचे आहे ते त्याला पोचते करणे आहे. आता मराठीत पाहा. दान म्हटले की देणाऱ्याचे पुण्य आधी डोळ्यांपुढे येते. दया म्हटले की वरून खाली पाहणारी नजर येते. उपकार म्हटला की तो फेडण्याचे ओझे येते. 'धर्म' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटला, कारण दानधर्मातल्या धर्मात कर्तव्याची जाणीव आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला 'आपण धर्म करतो' असे सांगितले तर त्याला काय बोध होणार?

दया आमच्याकडे नाही, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईतले आमचे सर्वांत जुने प्रार्थनास्थळ १७९६ साली बांधले गेले, त्याचे नावच 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. ते बांधणारे सॅम्युएल दिवेकर कंपनीच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते आणि जीव वाचला तर प्रार्थनास्थळ बांधीन असा त्यांचा नवस होता, अशी परंपरा आहे. रहमीम या शब्दाचे नाते हिब्रूत 'रेहेम'शी, म्हणजे आईच्या गर्भाशयाशी आहे. ती दया पोटातून येते आणि ती आली तर उत्तमच. पण ती आली नाही म्हणून समोरच्याचे देणे चुकत नाही, एवढाच सेदाका आणि दया यांतला फरक आहे. आणि मुलांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण लहान मुलाच्या मनात दया येते आणि दोन मिनिटांत विरूनही जाते.

शब्द शेवटी मला शेतात सापडला. तोराच्या तिसऱ्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात कापणीचे नियम आहेत. शेताचा कोपरा कापायचा नाही. कापताना खाली गळलेली कणसे वेचायची नाहीत. द्राक्षमळ्यात मागे राहिलेले मणी तोडायचे नाहीत. हे सगळे गरिबाचे आणि परक्याचे. मी फळ्यावर एक मोठा चौकोन काढला, त्याला हिरवा रंग दिला आणि मुलांना म्हटले, हे आपले अलिबागकडचे भाताचे शेत. यातला हा कोपरा कोणाचा? एक जण म्हणाला, मालकाचा. मी म्हटले, नाही. मालकाने तो कोणाला द्यायचा नाही, कारण तो मुळात त्याचा नाहीच. त्याने फक्त तिथे विळा थांबवायचा. हा कोपरा किती मोठा असावा याचाही हिशेब आमच्या शास्त्रकारांनी ठरवून ठेवला आहे, निदान साठावा हिस्सा. आणि कोणी यावे, कोणी येऊ नये, हे मालकाने ठरवायचे नाही. दिवसातून तीन वेळा लोकांनी यावे: सकाळी, दुपारी आणि दिवस कलताना. तीन वेळा का, याचे जे कारण भाष्यकार देतात ते मला फार आवडते. सकाळी तान्ह्या मुलांच्या आया येऊ शकतात, कारण तेव्हा बाळे झोपलेली असतात. दुपारी मुले येतात. आणि म्हातारी माणसे काठी टेकत टेकत यायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्यासाठी संध्याकाळ. हे सांगितले तेव्हा चार वर्षांचा धाकटा म्हणाला, "मी दुपारी जाईन." स्वतःला तो घेणाऱ्यांमध्ये मोजत होता आणि त्याला त्यात कणभरही वावगे वाटत नव्हते. मला हवे होते ते हेच.

तेव्हा तोंडात शब्द आला तो 'वाटा'. कोकणात खळ्यावर भात मळून झाले की बलुतेदारांचा वाटा आधी बाजूला काढत. तो कोणी मागत नसे, कोणी देण्याचा आव आणत नसे. तो हक्काचा होता. बलुत्याच्या व्यवस्थेत ज्यांचा वाटा सर्वांत लहान आणि सर्वांत अपमानाने टाकला गेला त्यांची आठवण ठेवूनच मी हे लिहिते आहे, आणि त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण वाटा या शब्दात 'तुझे तुला' हा जो भाव आहे तो मला दुसऱ्या कोणत्याही मराठी शब्दात मिळाला नाही. आता डब्यात नाणे टाकताना मुले म्हणतात, "हा वाटा." कोणाचा, हे त्यांना ठाऊक नसते आणि ते ठाऊक असू नये अशीच माझी इच्छा असते.

या इच्छेमागे माझे स्वतःचे एक कारण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि माझे वडील त्यांतले एक होते. तेव्हा आम्ही भायखळ्याला चाळीत राहत होतो. पहिले दोन-तीन महिने शिल्लक पुरली, मग आईच्या बांगड्या गेल्या, मग उसनवारी संपली. त्या वर्षी आमच्या शाळेत एका संस्थेने संपकऱ्यांच्या मुलांना वह्या आणि गणवेशाचे कापड वाटले. स्टेजवर टेबल मांडले होते, हार घातलेले पाहुणे होते, फोटोग्राफर होता. एकेकाचे नाव पुकारले जाई, नावानंतर 'वडील गिरणी कामगार, संपावर' असे वाचले जाई, आणि मग मुलाने वर जाऊन वाकून नमस्कार करून गठ्ठा घ्यायचा. माझ्या वेळी फोटो नीट आला नाही म्हणून मला गठ्ठा परत देऊन पुन्हा घ्यायला सांगितले. मी अकरा वर्षांची होते. त्या कापडाचा निळा रंग मला आजही नेमका आठवतो. त्या लोकांच्या मनात वाईट काही नव्हते याची मला खात्री आहे. त्यांनी दिलेल्या वह्यांवरच मी ते वर्ष काढले. तरीही तो गणवेश घालताना दर सकाळी माझ्या घशाशी काहीतरी अडकत असे.

आणि त्याच दिवसांत शुक्रवारी पहाटे आमच्या दाराशी एक कापडी पिशवी येऊ लागली. तांदूळ, थोडी डाळ, कधी खोबरेलाची बाटली, सणाच्या आधी मनुका. शब्बाथला किद्दुश, म्हणजे पेल्यावरची प्रार्थना, म्हणताना मनुका भिजवून कुस्करून केलेले सरबत लागते, हे ज्याला ठाऊक होते असा तो कोणीतरी आमच्यातलाच असणार. मी एकदा ठरवले की रात्रभर जागून कोण येते ते पाहायचे. आईने मला दाराच्या फटीपाशी पकडले आणि हाताला धरून आत नेऊन म्हणाली, "बघायचं नाही. बघितलंस तर उद्या तो माणूस समोर आला की तुझी मान खाली जाईल, आणि ती खाली गेलेली त्याला बघावी लागेल. दोघांनाही त्रास कशाला?" आई चौथीपर्यंत शिकली होती. तालमूद, म्हणजे आमच्या शास्त्रकारांच्या चर्चांचा जुना ग्रंथ, तिने पाहिलेलाही नव्हता.

तालमूदमध्ये मार उक्बा नावाच्या एका विद्वानाची गोष्ट आहे, ती मी मुलांना दर वर्षी सांगते. तो बाबिलोनियात राहत असे आणि शेजारच्या गरीब माणसाच्या दाराच्या खोबणीत रोज चार नाणी ठेवून निघून जाई. एक दिवस त्या गरीब माणसाने ठरवले की आज पाहायचेच. नेमका त्या दिवशी मार उक्बा बायकोबरोबर आला होता. दार हलताच आतला माणूस बाहेर धावला आणि ही दोघे पळत सुटली. लपायला जागा मिळाली ती एक भट्टी, जिच्यातले निखारे नुकतेच ओढून काढले होते. मार उक्बाचे पाय भाजू लागले. बायको म्हणाली, माझ्या पायांवर पाय ठेव. तिचे भाजत नव्हते. त्याला वाईट वाटले, तेव्हा तिने समजावले की मी घरात असते, दाराशी येणाऱ्याला शिजवलेले अन्न देते, ते त्याला लगेच उपयोगी पडते. तुझ्या पैशाने त्याला आधी बाजारात जावे लागते. मुलांना या गोष्टीत सगळ्यांत जास्त काळजी पायांची असते. फोड आले का, मलम लावले का, हे प्रश्न दर वर्षी येतात. एकाने विचारले, "पण ते एवढे का पळाले? त्यांनी चोरी तर केली नव्हती." त्यावर मी एवढेच सांगितले की दुसऱ्याला चारचौघांत खाली पाहायला लावण्यापेक्षा भट्टीत शिरलेले बरे, असे आपले जुने लोक मानत. त्याने बराच वेळ विचार केला आणि मग मान हलवली.

संपाच्या त्या वर्षातली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी मुलांना अजून सांगितलेली नाही. दाराशी पिशवी येत होती त्या प्रत्येक शुक्रवारी आई हाच डबा फळीवरून खाली काढत असे. आजीने तो तिला लग्नात दिला होता. दिव्यात तेल घालून झाले की आई पदराच्या गाठीतून पाच पैशांचे नाणे सोडवायची आणि खाचेतून आत टाकायची. मी एकदा चिडून म्हणाले, आपल्यालाच लोक देतात, आपण काय द्यायचे? तिने उत्तर दिले नाही, फक्त पुढच्या आठवड्यात ते नाणे माझ्या हातात दिले आणि मला टाकायला लावले. पुढे अनेक वर्षांनी मला कळले की सेदाकावर जगणाऱ्या माणसानेही सेदाका द्यावा, असा नियमच आहे. ज्याच्याकडे इतरांना द्यायला काहीच नाही असा माणूस कोणी उरू नये, असा त्याचा अर्थ मी लावते. ते पाच पैसे आत पडले तेव्हा शाळेच्या स्टेजवरून उतरल्यापासून पहिल्यांदा मी ताठ उभी राहिले होते, इतके मला आठवते.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडिताने देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. कपाळाला आठ्या घालून देणे ही सर्वांत खालची. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही वरून दुसरी. आणि सर्वांत वरची म्हणजे माणसाला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन असे उभे करणे की त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये. वडिलांना पुढे ओळखीच्या एका गृहस्थांनी वर्कशॉपमध्ये कामाला लावले. पिशवी त्यानंतर बंद झाली. ती ठेवणारा आणि हे गृहस्थ एकच होते का, हे आम्ही कधी विचारले नाही.

त्याच मायमोनिडीजचे आणखी एक मत आहे आणि लहान मुलांना शिकवणाऱ्या माणसाला ते पायऱ्यांपेक्षाही अधिक उपयोगी आहे. हजार नाणी एकदम एका माणसाला देण्यापेक्षा ती एक-एक करून हजार वेळा द्यावीत, असे तो म्हणतो; कारण देण्याची सवय हाताला लागते ती पुन्हा पुन्हा दिल्याने, एकदा भरपूर दिल्याने नव्हे. म्हणून मी पालकांना सांगते की मुलाच्या हातात पन्नासाची नोट देऊ नका, एक रुपयाचे नाणे द्या, आणि दर शुक्रवारी द्या. यामागे आमच्या धर्माची एक जुनी समजूत आहे. सिनाय पर्वताशी इस्राएल लोकांनी देवाला 'नाअसे वेनिश्मा' असे उत्तर दिले, म्हणजे 'आम्ही करू आणि ऐकू'. करणे आधी, उमजणे मागून. मन चांगले झाले की हात चांगले काम करतील, अशी वाट आम्ही पाहत नाही. हाताला कामाला लावायचे; मन त्याच्या मागोमाग येते.

आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्याने त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा उचलून नेलेला असतो, असे तालमूद सांगते. तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, गुडघ्यांमुळे त्या खाली उतरत नाहीत. गेल्या वर्षी नव्याच्या सणानंतर, तिश्री महिन्यात, मी खीर केली होती. आमच्या कोकणातल्या जुन्या लोकांनी त्या दिवसाला खिरीचा सणच म्हटले आहे. सात वर्षांच्या मुलाला डबा देऊन वर पाठवले. तो पाचव्या मिनिटाला लाल चेहऱ्याने परत आला. आजींनी डबा घेतला होता, पण जिन्यात धावता कशाला म्हणून त्याला रागावल्या होत्या. "तिने थँक्यूसुद्धा म्हटलं नाही," तो म्हणाला. मी विचारले, खीर गरम होती का? होती. आजींनी घेतली का? घेतली. "मग पोचली की," मी म्हटले. त्याचे समाधान झाले नाही आणि मीही ते करण्याचा प्रयत्न केला नाही. पुढच्या शुक्रवारी मी डबा पुन्हा त्याच्याच हातात दिला.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन अलिबागला गेलो आणि तिथून नवगावला. आमच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेली बाकीची शरीरे इथे पुरली, अशी आमची परंपरागत कथा आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत मी मुलांना सांगितले की सगळ्या चांगल्या कामांमध्ये मेलेल्या माणसासाठी केलेल्या कामाला आपण 'हेसेद शेल एमेत', म्हणजे खरे हेसेद, खरी माया म्हणतो, कारण त्याची परतफेड तो कधीच करू शकत नाही. मुले वाळूतून गोटे वेचून थडग्यांवर ठेवत होती, ही आमची पद्धत आहे. सात वर्षांचा तो मुलगा हातात दगड घेऊन थांबला आणि म्हणाला, "म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींसारखं." मी हो म्हटले. आजी खूप दिवस जगोत.

एक गोष्ट मी करून पाहिली आणि सोडून दिली. इस्रायलमधल्या बालवाड्यांत, आणि इतर देशांतल्याही ज्यू शाळांत, आईबाबा मुलाने घरी केलेल्या चांगल्या कामाची चिठ्ठी लिहून पाठवतात आणि बाई ती सगळ्यांपुढे वाचून दाखवतात. आईला टेबल पुसू लागला, धाकटीला खेळणे दिले, अशा चिठ्ठ्या. माझ्या भाचीची मुले अश्दोदला अशीच वाढली आणि ती गोड, मायाळू मुले आहेत. मीही दोन महिने चिठ्ठ्या वाचल्या. मग माझ्या लक्षात आले की आठ वर्षांची मुलगी धाकट्याच्या चपला जुळवते आणि मग माझ्याकडे पाहते. चिठ्ठी वाचली गेली नाही तर एकाला रडू येते. मला ते स्टेज आठवले, फक्त आता फोटो घेणाऱ्याचा नव्हे, देणाऱ्याचा काढला जात होता. आमच्याच परंपरेत याच्या उलट बाजूनेही बोलले गेले आहे: हेतू शुद्ध नसला तरी करत राहा, करता करता हेतू शुद्ध होईल, असे तालमूदमध्ये म्हटले आहे आणि मी वर जे हाताबद्दल लिहिले त्याच्याशी ते अगदी जुळते. तरीही मी चिठ्ठ्या थांबवल्या. डब्यातल्या नाण्यावर कोणाचे नाव नसते, ते मला अधिक पटते.

बाकी बरेचसे शिक्षण कॅलेंडरच करते. पुरीमच्या सणाला निदान दोन गरजवंतांना द्यायचेच असते. पेसाहच्या सणाच्या रात्री जेवणाआधी 'ज्याला भूक आहे त्याने यावे आणि खावे' असे म्हणायचे असते. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या किप्पूरला, दिवसभर दारे बंद करून उपास करायचा आणि दुसऱ्या दिवशी, ज्याला आमचे पूर्वज शिळा सण म्हणत, दारे उघडून गरिबांना वाटप करायचे आणि आप्तेष्टांना भेटायचे. घरात मांजर असेल तर तिचे खाणे आपल्या जेवणाआधी, कारण तोरात गुरांच्या गवताचा उल्लेख माणसाच्या जेवणाच्या आधी आला आहे. मुलांना हा नियम सर्वांत सोपा जातो. मोठ्यांना तो लक्षात ठेवावा लागतो.

आणि मग शुक्रवारचे पाव. शब्बाथच्या टेबलावर दोन पाव ठेवतात आणि त्यांच्यावर कापड झाकतात. आमच्याकडचे पांढरे कापड आईने भरलेले आहे, कडेला निळ्या धाग्याची वेल आहे. झाकण्याची कारणे अनेक सांगतात, त्यांतले मुलांना सांगायचे ते असे: एरवी जेवणात पहिला मान पावाचा असतो, पण शब्बाथला आधी सरबताच्या पेल्यावर किद्दुश म्हणतात. पावाला आपला मान डावलल्याचे दिसू नये, त्याला लाज वाटू नये, म्हणून तेवढा वेळ त्याला झाकून ठेवायचे. धाकट्याने याचा फार कसून तपास केला होता. पावाला डोळे नाहीत, मग त्याला दिसते कसे? पाव रडतो का? मी म्हटले, पावाला काहीच कळत नाही. तरी आपण झाकतो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सहा वर्षांचा एक मुलगा नवा आला होता, त्याला अक्षरे अजून ओळखता येत नव्हती. वाचण्याची पाळी आली तेव्हा त्याने 'दालेत'ला 'रेश' म्हटले, मग पुन्हा म्हटले, आणि तिसऱ्यांदा चुकल्यावर दोन मुले हसली. मोठ्याने नव्हे, पण हसली. त्याने पुस्तक मिटले, मान खाली घातली आणि त्याचे कान लाल झाले. मी काय बोलावे याचा विचार करत होते, आणि तेवढ्यात धाकटा खुर्चीवरून खाली उतरला. तो टेबलापाशी गेला, चवड्यांवर उभा राहिला, पावांवरचे कापड त्याने दोन्ही हातांनी ओढून घेतले आणि ते नेऊन त्या मुलाच्या डोक्यावर घातले. कापड मोठे होते, खांद्यांपर्यंत आले. आत काही क्षण शांतता होती, मग नाक ओढल्याचा आवाज आला. हसलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि ती पुस्तकात पाहू लागली. कोणी काही बोलले नाही. सूर्यास्त जवळ आला होता. मुलांनी एकेक नाणे डब्यात टाकले. कापडाखालून एक हात बाहेर आला आणि त्यानेही टाकले. मी तेलाचा दिवा लावला, सरबताचा पेला उचलला, आणि त्या शुक्रवारी आम्ही पाव उघडे ठेवूनच किद्दुश म्हटला.